दाखल्याआधीची आंघोळ

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय सीतारामभाऊ, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर हेरंब टिपणीस, त्यांच्या पत्नी वैशालीवहिनी आणि परळच्या आमच्या चाळींतून आलेल्या बंधुभगिनींनो,

डॉक्टर उद्यापासून दवाखाना बंद करतायत. हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेली शाल त्यांना शोभतेय, हे आधी सांगते. पुढचं कदाचित शोभणार नाही. दोनच शब्द बोल, असं भाऊंनी बजावलंय. पण दोन शब्दांत माझा नवरा मावत नाही.

अजितला तुम्ही सगळे ओळखत होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. मेल्यावर मला जाळू नका, देह गोठवून ठेवा, पुढचं शास्त्र कधीतरी उठवेल, ही त्याची इच्छा. हसलात ना? मीही हसायचे. पण कर्करोगाने पोखरलेल्या माणसाला शब्द दिला, की हसणं संपतं. परदेशातल्या एका संस्थेशी करार झाला. त्यांची माणसं बर्फ आणि औषधं घेऊन खाली गाडीत थांबणार होती. अडचण कायद्याची. डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय त्यांनी देहाला हात लावायचा नाही, आणि उशीर झाला तर मेंदू हातचा गेला. मी म्हटलं, डॉक्टर, आधीच सही करून ठेवा ना. ते म्हणाले, "दर्शनाताई, जिवंत माणसाच्या मृत्यूवर मी सही करत नाही." बरोबरच होतं म्हणा.

त्या सकाळी अजित मोरीत पडला. उचलून खाटेवर ठेवला, आणि थोड्या वेळाने गेला. मी डॉक्टरांना आणायला धावले. परत येऊन बघते, तर शेजारच्या सुंदरामावशींनी त्याला ऊन पाण्याने आंघोळ घालून, कपाळाला चंदन लावून ठेवलेलं. "अगो, तसोच कसो धाडतलस तेका?" प्रेमानेच हो. मावशी, मान खाली घालू नका.

डॉक्टरांची बोटं त्याच्या केसांत थांबली. मागे जखम होती, स्वच्छ धुतलेली. "रक्त किती गेलं?" कोण सांगणार? ते पाण्याबरोबर मोरीत गेलं होतं. "हा आजाराने गेला की या माराने, मला सांगता येत नाही. पोलिसांना कळवावं लागेल." पोलीस म्हणजे शवविच्छेदन. कवटी उघडल्यावर गोठवायला काय उरतं? खाली गाडीचं इंजिन चालू होतं. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, नुसतं कर्करोग लिहा, कोण विचारणार आहे? पेन त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी खिशात ठेवलं.

शवविच्छेदनानंतर अजितला आम्ही भोईवाड्याच्या स्मशानात जाळलं. डॉक्टर आले होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. माझे दीर राहुलभावजी चौकीवर जाऊन सांगून आले, वहिनीला देह परदेशी पाठवायची भारी घाई होती, जखमही धुऊन टाकलेली. आता सांगा, माझ्या बाजूने कोण होतं? ही चाळ? तीसुद्धा कुजबुजत होती. माझ्या बाजूने होता फक्त शवविच्छेदनाचा अहवाल: जखम वरवरची, मृत्यू आजारानेच. डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही सही केली असती, तर आज मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत असते.

मला वाचवलंत, त्याबद्दल भर सभेत तुमचे आभार मानते. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभेने ते पोटात घालावं. अजितला मात्र दुसरी संधी हवी होती, आणि ती माझ्या सुटकेत खर्ची पडली. त्याची क्षमा मी कुणाकडे मागू, डॉक्टर?