पोकळ थप्पी

मोजणीचं काम मी का सोडलं, ते आज सांगतो. तंजावूरच्या भाताच्या गोदामात आम्ही थप्पीची पोती बाहेरूनच मोजून गुणाकार करायचो. गोदाम नव्या कंपनीने घेतलं तेव्हा तिथला नवा साहेब मला म्हणाला, "वर चढून बघ."

चढलो. मधली पोती गायब, थप्पी पोकळ. खाली गोदाम सांभाळणारे गोपाळराव माझ्याकडे बघत उभे होते. त्यांच्या निवृत्तीला दोनच महिने राहिले होते.

"भरलेली आहे, साहेब," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर गोपाळराव म्हणाले, "अण्णा, पोरांचं अन्न वाचवलंस."

आठवड्याने तीच थप्पी त्यांच्यावर कोसळली. त्यात ते गेले. त्यांच्या बायकोने मला एवढंच विचारलं, "अण्णा, तुम्ही वर चढून बघितलं होतं ना?"