कोचसाहेब आणि कावळ्याचा घास

मी मूळची भंडाऱ्याची, आमच्याकडे तळं म्हटलं की म्हशी आणि शिंगाडे, तळ्यावरून माणसं चालत जातात हे मिशिगनला आले तेव्हाच पाहिलं. आमचे हे तिथे पीएचडी करत होते, मी घरात बसून बसून वेडी व्हायला आले, म्हणून कॉलेजच्या आइस हॉकी टीमचे कपडे धुण्याचं काम धरलं. काय सांगू तुम्हाला, त्या जर्सींचा वास! पण पोट्टे चांगले होते, मला आँटी म्हणायचे, आणि त्यांतला टॉमी तर माझ्या डब्यातली जवसाची चटणी बोटानं चाटून खायचा, तिखटानं नाक लाल, डोळ्यांत पाणी, तरी वन मोअर, आँटी.

कोचसाहेब म्हणजे जमदग्नीचा अवतार. प्रॅक्टिसला उशीर झाला की बोलायचे नाहीत, नुसतं बोट दाखवायचे, जा, रिंकमागच्या गोठलेल्या तळ्याला स्केट्सवर फेरी मारून ये, हीच शिक्षा. त्या वर्षी मार्च लागला होता, बर्फ वरून पांढरा पण आतून पातळ झालेला, टॉमी गेला तो गेलाच, दुसऱ्या दिवशी काढला. कोच म्हणाले, मी पाठवलं नव्हतं, तो आपल्या मनानं गेला. तेव्हा तिथे दोघंच होते, सगळ्यांनी मानलं, मीही मानलं.

दहाव्या दिवशी मला राहवेना. हे हसले, म्हणाले, तो कॅथलिक, तू बाई, कोणत्या शास्त्रात बसतं हे? म्हटलं, माझ्या हातचं खाल्लंय त्यानं, शास्त्र गेलं चुलीत. तळ्याच्या काठाला भाताचा गोळा ठेवला, वर चटणी. कावळे तारेवर बसलेले, पण एकही खाली येईना. तेवढ्यात कोच आले, व्हॉट इज धिस, मिसेस देव? मी सांगितलं, गेलेल्याचं काही राहिलं असलं तर कावळा शिवत नाही, मागे राहिलेल्यानं वचन द्यावं लागतं. वाटलं हसतील, तर त्यांनी टोपी काढली, म्हणाले, टॉमी, तुझ्यासाठी चॅम्पियनशिप आणतो. कावळे हलले नाहीत.

आणली हो! पुढच्याच वर्षी आणली, मग परत आणली, पेपरात फोटो, मोठमोठ्या कॉलेजांची बोलावणी, गेले नाहीत कुठे. दर मार्चला माझ्या आधी काठाला येऊन उभे, हातात तो चकचकीत कप, नवस फेडायला आल्यासारखे. माझा भात गोठून दगड व्हायचा, कावळे वरून बघत राहायचे. मिसेस देव, आता काय हवंय त्याला, मला विचारायचे. जिंकत गेले आणि वाळत गेले. ती शिक्षा तर केव्हाच बंद केली होती. मी मशीनमधून कपडे काढत असले की दारात येऊन विचारायचे, स्केट्सचा आवाज येतोय का हो तुम्हाला? रिंक तर रिकामा असायचा.

मग गेल्या मार्चला टॉमीची आई आली, कोचच्या सत्काराला बोलावलेली, मीच तिला काठावर नेलं, तर कोच होतेच तिथे. ती बिचारी त्यांचाच हात धरून म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, माझं पोरच हट्टी, सांगितलेलं ऐकायचं नाही, इतकी वर्षं मी त्याच्यावरच रागावून आहे. कोचनी हात सोडवून घेतला. म्हणाले, ऐकलं होतं त्यानं. मला म्हणाला होता, कोच, बर्फ कडकड वाजतोय, तरी मी बोट खाली घेतलं नाही.

मला वाटलं ती मारते आता. ती बर्फातच खाली बसली आणि एवढंच म्हणाली, म्हणजे माझं लेकरू ऐकणारं होतं.

कावळा ना? तुम्ही तेच विचारणार. शिवला. हे म्हणतात, भूक लागली असेल त्याला. असेल.

सत्कार झाला नाही, नोकरी सोडली कोचनी, घरीच असतात, पोट्टे विचारतात काय झालं, मी नुसत्या कपड्यांच्या घड्या घालते. ती माऊली त्यांच्याशी बोलत नाही, का बोलावं? मला मात्र फोन करते, टॉमी काय काय खायचा ते परत परत विचारते, मी दर वेळी चटणीचंच सांगते आणि ती दर वेळी हसते. सुखात राहा रे पोट्ट्या, जिथे असशील तिथे. आणि त्या म्हाताऱ्याच्या कानातल्या स्केट्स तेवढ्या थांबव आता.