छातीतला डाग

शिवदास : खरं बोल, लता. माझ्या छातीतला डाग गेलाय, हे तुला कधीपासून माहीत होतं?

लता : हळू बोला. खिडकी उघडीय.

शिवदास : ऐकू दे सगळ्या चेंबूरला! आज सर्दीचं औषध आणायला गेलो, तर डॉक्टर तोंडावर हसले. म्हणे, दिवाळीतच सांगितलं होतं मिसेसना, एक्स-रे एकदम क्लीन आहे. आणि मी येडा, रोज रात्री मरणाची वाट बघत पडलोय!

लता : दिवाळीपासून एक तरी सिगरेट ओढलीत?

शिवदास : विषय बदलू नको.

लता : हाच विषय आहे. न्यूमोनिया झाला, सोडलीत. ताप उतरला की पाकीट खिशात. अटॅक आला तेव्हा बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणून शपथ घेतलीत. डिस्चार्ज मिळाला आणि रिक्षात बसायच्या आधी पेटवलीत! आजारी असता तेवढेच दिवस शहाणे असता तुम्ही. म्हणून ठेवलं आजारी.

शिवदास : आणि पोरीची वाट लावलीस त्याचं काय?

लता : तिला कशाला मध्ये आणता?

शिवदास : बंगलोरची चालून आलेली नोकरी का सोडली तिनं? 'पप्पांना असं टाकून कशी जाऊ' म्हणाली. तू तिथंच पोळ्या लाटत होतीस. तोंड उघडलं नाहीस!

लता : संघमित्राच्या पोटात काही राहतं का? लगेच तुम्हाला सांगितलं असतं.

शिवदास : मग सांगू द्यायचं! ओढली असती मी, मेलो असतो, पण पोर तर गेली असती ना!

लता : बघा, स्वतःच्या तोंडानं बोललात. ओढली असती! मी एकटीनं काय काय सांभाळायचं हो? तुमची छाती का तिची नोकरी?

शिवदास : येऊ दे तिला क्लासवरून. सगळं सांगणार आहे.

लता : सांगा. बोलेल मला, बोलू दे. ते मी सोसेन. पण आजपासून तुम्ही बरे आहात, त्याचीच भीती वाटतेय मला.

(शिवदास चपला घालतो.)

लता : कुठे निघालात?

शिवदास : बसस्टॉपवर. तिला घरी यायच्या आधी मीच सांगतो.

लता : जा.

शिवदास : तूपण चल. वाटेत पानवाला आहे.