खांबाच्या गुडघ्याला शेंदूर

ताराबाई : अवं, हळू घास. देवाले कोणी भांडं घासल्यावानी घासते का?

रंजीता : आत्याबाई, हा देव नाई. पाणी मोजाचा खांब हाय. पाटबंधाऱ्याच्या सायबानं इथी गाडला तवा तुमीच त्याले चहा पाजला होता.

ताराबाई : सायबाले पाजला. खांबाले नाई.

रंजीता : खांबाले तं नारळ फोडलं.

(वैनगंगेचा घाट, मार्कंड्याहून थोडा वरच्या अंगाला. पावसाळा सरला, तरी नदी अजून भरलेली. देवदर्शन करून आलेली माणसं इथे हौसेने नावेत बसतात. ताराबाई घाटावर फुलं-नारळ विकते, तिचा मुलगा धनराज नाव चालवतो. तिची सून रंजीता रोज खांब पाहून सांगते, नावा सोडायच्या की नाही. पाणी लाल रेघेला टेकलं की नावा बंद, मग नावाडी घरचा असो की दारचा. आता खांब पाण्यात उभा आणि बाजूने देवाची वाट, तेव्हा लोकांनी त्याला हात जोडले नसते तरच नवल.)

रंजीता : पाहा, एक आकडा दिसत नाई. सायबाले आज फोटो पाठवाचा हाय. तो म्हणन, रंजीताबाई, नदी मोजून राह्यल्या का लगन लावून राह्यल्या?

ताराबाई : सांग त्याले, आमचा देव असाच हाय. नवसाले पावते.

रंजीता : कोणाले पावला?

ताराबाई : मले पावला. काय मागतलं थे नाई सांगत.

धनराज : काय मॅडम, झाली का देवाची आंघोळ? नावाडी कवाचा नावेत बसला हाय.

रंजीता : अवो, थांबा जरा.

धनराज : दिवाळी होऊन गेली, थांबूनच राह्यलो. घरी भाकर वाढून म्हणते, बसा. घाटावर येऊन म्हणते, उतरा. सारं गाव तारीफ करून राह्यलं, का अशी इमानदार बाई पाह्यली नाई, नवऱ्यालेबी सोडत नाई.

रंजीता : सोडलं असतं तं तुमीच म्हटलं असतं, बायकोले काही समजत नाई.

धनराज : थे तं मी असंबी म्हणतो. पण मजाक सोड. माय, तूबी आयक. संध्याकाळी घाटाच्या समितीची बैठक हाय. आजबी नाव निंगाली नाई, तं घाट दुसऱ्याले देतेत. मी माह्या दोस्ताले, भूपेशले सांगून ठेवलं, ऊर्जानगरच्या बिजली कारखान्यात काम पाहा. उद्या सकाळच्या बसनं जातो.

ताराबाई : जातो म्हंजे? राहाले?

धनराज : राहालेच. इतक्या दुरून रोज कोण येणं-जाणं करन?

रंजीता : अवो, तुमी नावेतलं पाणी उपसून या.

धनराज : नावेत पाणी नाई.

रंजीता : मंग पुसून या.

धनराज : समजलं. समितीच्या आंधी सासू-सुनेची बैठक हाय. चाललो.

रंजीता : आत्याबाई, आता इकडं पाहा. शेंदूर निंगाला अन् त्याच्याखालून ही रेघ निंगाली. सायबाच्या पेंटाची. पाण्याच्या हातभर वर हाय.

ताराबाई : असन बापा. मले काय समजते पेंटातलं?

रंजीता : अन् तुमचा शेंदूर पाण्यापर्यंत खाली आला. आकडे बुजले होते, तं मीबी लाल दिसलं का बंद म्हणत होती. सारी दुनिया देवाच्या कपाळाले शेंदूर लावते. तुमी याच्या गुडघ्याले काऊन लावला?

ताराबाई : माहा हात वर पोचत नाई.

रंजीता : परवा वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढली, तवा पोचला.

ताराबाई : लगित चौकशी करते तू.

रंजीता : नोकरीच हाय माही. सांगा.

ताराबाई : पाणी उतरत होतं. थे बोटभर उतरे, मी शेंदूर बोटभर खाली आणो. बस, इतकंच. हा नाव घेऊन जाते, लोकं फोटोसाठी एकाच बाजूले उभी राहतेत, नाव हालते, अन् इथी गिऱ्हाईक नारळ मागते, मी फुलं देतो.

रंजीता : भेव मलेबी लागते.

ताराबाई : तुले? तू तं झेंडी हालवून हासत राहते.

रंजीता : मी रडली तं नावेत बसन का कोणी?

ताराबाई : मंग राहू दे ना. पुन्हा लावतो शेंदूर. कोणाले दिसते?

रंजीता : मले दिसली ना रेघ. अन् उद्या खरंच पाणी चढलं, तं लोकं म्हणतीन, हिचं लाल रोजचंच हाय. कोणी आयकणार नाई. तुमचा पोरगाबी नाई आयकणार.

ताराबाई : हे नाई आलं माह्या ध्यानात.

रंजीता : वरच्या धरणातून आज पाणी सोडत नाई, मी फोनवर इचारलं. नाव जाऊ शकते. मी थेच सांगते आता. समितीतबी सांगीन, आकडे न पाहता बंद ठेवलं, चूक माही. तुमचं नाव काढत नाई.

ताराबाई : काढ. म्हण, सासू येडी हाय.

रंजीता : थे त्यायले मालूम हाय.

ताराबाई : हास, हास. तुह्या पोराची नाव हालन तवा पाहतो मी.

रंजीता : नाई हासत. पण खरं सांगा, ते ऊर्जानगरले गेले असते तं बरं वाटलं असतं का तुमाले? तिथी बुडाचं भेव नाई.

ताराबाई : भेव नाई. पण नदीत असला तं मले इथून दिसते. ऊर्जानगर इथून दिसत नाई.

धनराज : नाव पुसून पुसून चमकली. काय ठरलं बैठकीत?

रंजीता : पाणी रेघेच्या खाली हाय. माह्याकडून मोकळं. पण मायले इचारा.

धनराज : काय माय, सोडू का नाव?

ताराबाई : जाकीट घाल आंधी.

धनराज : घातलं.

ताराबाई : पट्टा लाव.

धनराज : लावला.

ताराबाई : वरचाबी.

धनराज : वरचाबी लावला, माय. आता?

ताराबाई : जा बाबू. मी इथीच बसून आहो.