नुसता थकवा

"टीव्हीचा आवाज तरी कमी करा म्हणावं."

बहारीनच्या सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी मायलेक बसले होते. बाप आत तपासणीला गेला होता. टीव्हीवर अमेरिकेच्या निवडणुकीचा प्रचार चालला होता.

"बघ ना अम्मी. म्हातारा उमेदवार बोलता बोलता अडकतो, तर त्याचे पक्षवाले म्हणतात, थकलाय."

"थकला असेल."

"रोज? सगळं माहीत असतं त्यांना. खुर्ची जाईल म्हणून गप्प बसतात."

"उबेद, डॉक्टरने अब्बांचं विचारलं तर काय सांगशील?"

"थकवा म्हणून. लायसन गेलं की नोकरी गेली, व्हिसा खलास."

"शाळेची पोरं असतात रे त्यांच्या बसमध्ये."

"रस्ते पाठ आहेत त्यांना."

"सकाळी मला विचारलं त्यांनी, बाई, तुम्ही कोणाच्या घरच्या?"