खोडलेली अट

हो, हो, तुमच्या गालिच्यावर डाग पडत नाही – तिसऱ्यांदा सांगताय. बसा. शाई ओतून दाखवायची गरज नाही, पाहिलंय मी. बारा वर्षांपूर्वी असाच एक विक्रेता आला होता, त्यानं चहा ओतला – घरंगळून गेला, थेंब मुरला नाही. बालवाडीच्या सहा खोल्यांसाठी खरेदी होती. निविदेत मी अट घातली होती – गालिच्यात काय काय घातलंय ते लिहून द्या, आणि डाग धरू नये म्हणून घालतात ते, वर्षानुवर्षं नष्टच होत नाही असलं रसायन असेल तर माल नको. मला कुठून सुचलं? बायकोमुळे. ती त्याच बालवाडीत शिकवायची, कुठेतरी वाचून आली होती, आठवडाभर डोकं खाल्लं माझं. मग साहेबांनी बोलावलं – म्हणाले, या अटीपायी कोणी फिरकणार नाही, शाळा पंधरा दिवसांवर आलीय, काढून टाका. साहेबांनी खोडली का? छे, ते कशाला हात लावतात. मी खोडली. पट्टी धरून, सरळ रेघ मारून, शेजारी सही करून. त्याच चहावाल्या विक्रेत्याचा माल आला. घरी? घरी काही बोललो नाही. म्हणजे – अट मंजूर झाली, असं बोललो. तिनं पालकसभेत सगळ्यांना सांगितलं, माझं नाव घेऊन. मुलं त्या गालिच्यावर लोळायची, खायची, झोपायची, आणि ही दिवसभर त्यांच्यात मांडी घालून.

गेल्या वर्षी तिचं एक मूत्रपिंड काढलं. गाठ होती. रक्तात ते रसायन निघालं, भरपूर. गाठ त्यानंच झाली का, हे सांगता येत नाही म्हणतात डॉक्टर – येत नसेलही. पण ती काय म्हणते माहितीये? बालवाडीतलं नसणार, तिथं तुम्ही अट घातली होती ना. मग घरातले न चिकटणारे तवे गेले, पडदे गेले, पावसाळी कोट गेला – एकेक वस्तू माझ्यासमोर धरून विचारते, यात असेल का हो? आणि मी म्हणतो, असेल.

तुमच्या गालिच्यात काय काय घातलंय, त्याची यादी आणलीय? – कंपनीचं गुपित. वाटलंच. या वेळी अट आहे तिथंच आहे, कोणी काढायला सांगितलेलं नाही – म्हणून मी काही मोठा माणूस झालो नाही, तसं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला कशाला सांगत बसलो कोण जाणे, ती घरी आहे, सांगायचं तर तिला – निघा तुम्ही. दार ओढून घ्या.