धरणाच्या बाजूने

काकू : ये, अशी जवळ बस. तुला एक गोष्ट सांगते. ती ऐक, मग हवं तेवढं रागाव.

कॅप्टन : काकू, गोष्टीला वेळ कुठे आहे? उद्या विद्यापीठात अंतिम फेरी आणि तुमचा लंबू फोन उचलत नाही. जोडीतला एक जरी नसला तरी आमचा वादविवाद क्लब बाद. वर्षभर घसा फोडला तो यासाठी?

काकू : आतच आहे तो. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलाय.

कॅप्टन : जिंकलेला माणूस असा पडतो? काल स्पर्धेत संयुक्त राष्ट्रांची खोटी सभा भरवली, चिठ्ठीत येईल त्या देशातर्फे बोलायचं; धरण बांधणारा देश त्याच्या चिठ्ठीत आला होता. असा बोलला, की ज्यांची गावं बुडणार त्या देशांनीही धरणाच्या बाजूने हात वर केले. धरण मंजूर. त्या फेरीच्या बक्षिसाला नाव पुकारलं, तर स्वारी गायब.

काकू : काय बोलला गं?

कॅप्टन : "घरं काय, पुन्हा बांधता येतात. माणूस चार दिवस रडतो, मग रुळतो. देवही नव्या जागी येतो."

काकू : ते त्याचं नव्हे.

कॅप्टन : म्हणजे? चोरलं कुठून?

काकू : हीच तर गोष्ट. आमचं गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा उठवायला आलेला साहेब अंगणात खुर्ची टाकून हेच बोलला होता. हा मांडीवर होता माझ्या. पुढे याचे बाबा चिडले की तेच म्हणून दाखवायचे. पोराला पाठच झालं.

कॅप्टन : मला बोलला नाही तो.

काकू : देश बदलून मागितला होता ना तुझ्याकडे?

कॅप्टन : मागितला. मी म्हटलं, चिठ्ठीत आला तो देश आपला, क्लबात रडारड चालत नाही. अहो, पण कारण सांगायचं की. मिठाची गुळणी धरून बसला. मी काय मनकवडी आहे?

काकू : नाहीस गं बाई. मीही वैतागलेय. दोन घास खा म्हटलं, तर म्हणतो, "आई, मला वाटलं होतं, कुणीतरी उठून नाही म्हणेल."

कॅप्टन : आम्ही टाळ्या वाजवल्या.

लंबू (दाराआडून) : आई, पुरे. कॅप्टन, येतो मी उद्या. शेजारी बसेन. पण बोलायचं तू.

कॅप्टन : अंतिम फेरीला देश तोच राहतो, लंबू. म्हणजे धरणाच्या बाजूने मी बोलू?

लंबू : चिठ्ठीत आला तो देश आपला.

कॅप्टन : मलाच शिकव. काकू, आता कुठल्या तोंडाने उभी राहू मी?

काकू : नियम आहे तर बोल. चांगलं खणखणीत बोल. फक्त बोलताना याच्या आजीची आठवण ठेव. नव्या घरात रोज सकाळी नदी बघायला म्हणून ती दार उघडायची, आणि समोर शेजाऱ्यांची भिंत असायची.